हजार बदलांतून एक चूक शोधताना

बिदरला मैलूर रस्त्यावर गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी काळ्या पडद्यावरच्या कमांडला बिचकू नये, असं मला मनापासून वाटतं. महिन्यापूर्वी चालणारा प्रोग्रॅम आज बिघडला आणि मधे १,०२४ बदल झाले, तर लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली 'बायसेक्ट' ही कमांड मधोमधचा बदल तपासायला देते. चालतो की बिघडलेला, एवढंच सांगायचं. दर खेपेला निम्मे बाद होतात. दहा तपासण्यांत बिघाड आणणारा बदल सापडतो. गिटचीच 'ब्लेम' ही कमांड प्रोग्रॅममधली एखादी ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवते. का लिहिली, हे मात्र लिहिणाऱ्याच्या नोंदीतूनच कळणार. म्हणून बदल साठवताना नुसतं 'दुरुस्ती केली' लिहू नका, कारणही लिहा.