पॅरिस ते लंडन : विमान सव्वा तासाचं, प्रवास सात तासांचा

परदेशातल्या प्रदर्शनांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, पॅरिसला गेलोच, तर लंडनही उरकून येऊ का? जवळच आहे ना?"

जवळ आहेच. सरळ रेषेत साधारण 344 किलोमीटर. तिकिटावर वेळ दिसते सव्वा ते दीड तास. गंमत बघा, मुंबई-नागपूर हवाई अंतर याच्या जवळपास दुप्पट, तरी तिकिटावरची वेळ साधारण तेवढीच. कारण या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं धरलेलं असतं. अंतर कमी झालं म्हणून हे काही कमी होत नाही.

आता माझी फजिती ऐका. माझं दुकान पिशव्यांचं. पॅरिसमध्ये जानेवारी आणि सप्टेंबरात घरसजावटीच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघायला गेलो होतो. तिथून लंडनच्या एका दुकानदाराशी दुपारी 12 ची भेट ठरवली. तिकिटावर सुटण्याची वेळ 10.30, पोहोचण्याची 10.50. वीस मिनिटांत लंडन! अर्थात लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे असतं, एवढं मला कळत होतं. बाकीचं कळायचं होतं.

सकाळी 7 ला हॉटेल सोडलं. शार्ल द गॉल विमानतळ शहरापासून 25 किलोमीटर. तिथे सामान, तपासणी, पासपोर्ट. विमान अगदी वेळेवर हीथ्रोला उतरलं. मग पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास, आणि पुढे मेट्रोने शहरात यायला एक तास. दुकानाच्या दारात पोहोचलो तेव्हा 1 वाजला होता. म्हणजे दारापासून दारापर्यंत 7 तास. साहेब अर्धा तास थांबून निघून गेले होते. नंतर ईमेलवर बोलणं झालं, पण हातात माल देऊन दाखवणं वेगळं आणि फोटो पाठवणं वेगळं. ऑर्डर काही आली नाही.

परत तीच ट्रिप करायची झाली तर मी ट्रेनच धरेन. युरोस्टार पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवरून सुटते, समुद्राखालच्या 50 किलोमीटरच्या बोगद्यातून सुमारे सव्वादोन तासांत लंडनच्या सेंट पँक्रसला. दोन्ही स्टेशनं भर शहरात. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी पॅरिसलाच होते, त्यामुळे लंडनला उतरलं की थेट बाहेर. तासभर आधी पोहोचायचं धरलं तरी चार-साडेचार तासांत काम होतं. सॅम्पलच्या बॅगा काट्यावर ठेवाव्या लागत नाहीत, हा आपल्यासारख्यांना मोठा फायदा. भाडं मात्र ऐनवेळी काढलं तर डोळे पांढरे करतं, तेव्हा तारीख ठरली की लगेच काढा.

आणि सगळ्यात महाग पडेल अशी चूक. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आपल्या पासपोर्टवर लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो. शिवाय तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला गेल्यावर तो संपला. परतीचं विमान पॅरिसहून असलं तरी पुन्हा फ्रान्समध्ये शिरता येणार नाही. म्हणून तिकीट काढायच्या आधी व्हिसाचं स्टिकर उघडून बघा, प्रवेशांच्या रकान्यात 01 लिहिलंय की 'मल्ट'.