आंब्याचं पान आणि टोलनाका

आंब्याचं पान चुरगळून नाकाशी धरा. येतो तो वास टर्पीन वायूंचा. पान न चुरगळताही झाड ते हवेत सोडतच असतं. वड-पिंपळाच्या कुळातली बरीच झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. ऊन-उकाडा वाढला की जास्त, अंधार पडला की जवळजवळ बंद. जगभरची झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन!

दहिसरकरांना याचं काय? पूर्वेला १०० चौरस किलोमीटरांहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि जवळून जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग. त्यावरच्या दहिसर टोलनाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला. धूर काही माफ झाला नाही. दुपारचा खारा वारा तो धूर जंगलाकडे ढकलतो.

धुरात असतात नायट्रोजनची ऑक्साइडं. उन्हात तयार होणारे हायड्रॉक्सिल नावाचे अतिचपळ रेणू आयसोप्रीनला एक-दोन तासांत फोडतात. त्या तुकड्यांची नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडली की नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. ऊन त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटा करतं, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि होतो ओझोन. उंच आकाशात तो आपली छत्री. नाकाशी आला की घसा खवखवतो, दमेकऱ्याची छाती भरते. आपल्याकडे आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

गंमत अशी, की ऐन नाक्यावर ओझोन कमीच सापडायचा, कारण ताजा धूर त्यालाच खाऊन टाकतो. धूर विरळ होत झाडांपाशी पोचला, की तिथे ओझोन वाढू शकतो. उद्यानात फिरायला ऊन चढण्याआधी, सकाळीच जावं, हे म्हणून बरं.

म्हणजे दोष झाडांचा? रोनाल्ड रेगन अमेरिकी अध्यक्षपदाच्या १९८० च्या प्रचारात जवळपास तसंच बोलले आणि हसं करून घेतलं. पण १९८८ मध्ये शास्त्रज्ञ विल्यम कॅमिडीस आणि सहकाऱ्यांनी अटलांटा शहराचा हिशोब मांडला: झाडांचे वायू धरले, तर ओझोन उतरवायला नायट्रोजन ऑक्साइडंच कमी करावी लागतात. झाड तोडून हे गणित सुटत नाही. धूर नसलेल्या रानात हेच आयसोप्रीन फारसा ओझोन बनवत नाही.

रात्री वारा फिरतो, डोंगराकडून खाडीकडे. ऊन नसतं, पण दिवसाचा उरलेला ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मिळून नायट्रेटचे रेणू बनतात. ते टर्पीनना गाठतात आणि बारीक कण तयार होतात. थंडीतल्या सकाळी दहिसर नदीवर जे धुरकं दिसतं, त्यात डिझेल असतं, बांधकामाची धूळ असते, आणि चिमूटभर आंब्याचं पानही असू शकतं.