कुपा घेताय? आधी त्याची पहाट विचारा!

मैत्रिणींनो, मासळीबाजारात पापलेटचा भाव ऐकून आपण एक पाऊल मागे सरकतो, सुरमईकडे नुसतं बघून घेतो, आणि नेमकी तेव्हाच कोळीण टोपलीतल्या एका गोल गरगरीत, निळ्याकाळ्या पाठीच्या माशाकडे बोट दाखवते. "ताई, कुपा न्या. काटा कमी, मांस भरपूर!" कोकणात याला कुठे कुपा म्हणतात, कुठे गेदर. डब्यात बंद होऊन येणारा 'टूना' याच घराण्यातला. भाव परवडणारा, एका माशात घरभर जेवण! आपण खुशीनं पिशवी पुढे करतो.

मीही एकदा अशीच केली होती. दुपारी सगळे पोटभर जेवले आणि अर्ध्या तासात आमच्या ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, अंगावर पित्तासारख्या गांधी. पाठोपाठ धाकटीचंही तेच. मी नव्या मसाल्याला दोष दिला, सासूबाईंनी माझ्या हातच्या तिखटाला! डॉक्टरांनी मात्र तपासता तपासता विचारलं, "मासा कोणता होता? आणि किती वेळ बर्फाबाहेर होता?" औषधानं दोघं संध्याकाळपर्यंत सावरली. पण त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही माझ्याकडे नव्हतं.

ते मला मिळालं मालवणात. माझी नणंद तिथे असते. तिच्या शेजारचे दादा छोट्या होडीनं मासेमारी करतात. पावसाळी बंदी संपली, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला दिला, पाणी निवळलं की पुढचे दोन-तीन महिने कुप्याचे. दिवाळीच्या आधी गेले होते, तेव्हा मी हट्टच धरला, "मला एकदा न्याच."

पहाटे होडी निघाली. तीनच माणसं, मशीन मागे लावलेलं, मधोमध बर्फानं भरलेली थर्माकोलची पेटी. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी अंधारात नुसती सावलीसारखी दिसत होती. उजाडलं तसं दादा पाण्याकडे नाही, आभाळाकडे बघू लागले. पक्षी कुठे घिरट्या घालून पाण्यात सूर मारतात ते शोधायचं. कारण खाली कुप्याचा थवा तारली, मांदेली अशी बारीक मासळी वर हाकलत असतो. थोड्या वेळानं एका जागी पाणी अगदी आधण आल्यासारखं खदखदताना दिसलं.

थव्यात होडी घालायची नाही, मासळी बुडी मारते. बाजूबाजूनं चालवत न्यायची आणि मागे लांब तंगूस सोडायचं. टोकाला गळ आणि त्याला चकचकीत आमिष. पळणारी मासोळी समजून कुपा झडप घालतो. तंगूस असं ताणलं गेलं की दादांच्या बोटांवर गुंडाळलेलं रबर नसतं तर कातडीच सोलली असती! जेमतेम तीन किलोचा मासा, पण जोर केवढा! होडीत आल्यावरही शेपटी फळीवर थडथड आपटत होती. मी कौतुकानं बघत बसले, तोवर दादांनी त्याला एका घावात शांत केलं, रक्त वाहू दिलं आणि बर्फात पुरलासुद्धा.

"वयनी, ह्यो मासो मोठो तापट," दादा हसले. "भायर इलो काय आधी बर्फ, मगे गजाली!"

मैत्रिणींनो, तापट हा शब्द अक्षरशः खरा आहे बरं का. बहुतेक माशांचं अंग भोवतीच्या पाण्याइतकंच थंड असतं. कुप्याचं त्याहून गरम! त्याच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की स्नायूंकडून येणारं ऊन रक्त शेजारून जाणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. ऊब बाहेर जातच नाही. शिवाय हा जन्मभर पोहत असतो. तोंड उघडं ठेवून पुढे गेलं तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि श्वास मिळतो. थांबला की संपला! म्हणून तर त्याचं मांस लालसर. त्यात गळाला लागल्यावरची झुंज, म्हणजे अंग आणखी तापलेलं. असा मासा उन्हात पडला तर काय होईल, तुम्हीच सांगा.

त्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गार केला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हेच ते आमच्या घरचं दुखणं! वाईट गोष्ट अशी, की मासा दिसायला, वासाला ठीक असूनही ते असू शकतं. आणि एकदा झालं की उकळून, तळून, बर्फात ठेवूनही जात नाही. आमसुलानंही नाही आणि तिरफळानंही नाही. बांगडा, सुरमई, तारली यांनाही हाच नियम.

बर्फ नव्हता तेव्हा लोक काय करत? लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचे लोक टूना उकडून, धुरी देऊन, उन्हात खडखडीत वाळवतात. त्याला 'मासमीन' म्हणतात. थोडक्यात, हा मासा वाट पाहत नाही हे समुद्रकाठच्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते आपल्याला!

घेताना आणि घरी आणल्यावर

डोळे फुगीर, कल्ले लाल, अंग ताठ हे तर बघाच. पण मासा बर्फावर आहे की बर्फात आहे, हेही बघा. वर चार खडे टाकलेले आणि खाली ऊन, असं नको. कोळणीला सरळ विचारा, "बर्फात कधी घातला?" पिशवीत घट्ट झाकणाचा डबा ठेवा आणि तिच्याकडूनच मूठभर बर्फ मागून घ्या. मासळी बाजारातलं शेवटचं काम असू दे. ती घेऊन भाजी, वाणी, शिंपी अशी वरात नको!

घरी आल्यावर साफ करून ताबडतोब फ्रीजमध्ये. मीठ-हळद लावून तासभर ओट्यावर ठेवायची सवय असेल तर तो तासही फ्रीजमध्येच जाऊ दे. मधला काळपट पट्टा उग्र लागतो, आवडत नसेल तर काढा. उरलेलं कालवण रात्रभर बाहेर ठेवू नका. आणि पहिल्याच घासाला जीभ मिरीसारखी चुरचुरली, तर ताट बाजूला सारा. कोणाला लाली, धडधड, गांधी वाटल्या तर डॉक्टरांकडे जा आणि मासा खाल्ल्याचं आठवणीनं सांगा. श्वास लागला तर क्षणभरही थांबू नका.

आणखी एक. त्या सकाळी दादांना पाचच कुपे मिळाले. इंधन, बर्फ, तिघांची मेहनत, सगळं त्या पाचांतून निघायचं होतं. ज्या दिवशी भाव पडतो, त्या दिवशी पहिली काटछाट बर्फावर होते, असं नणंद म्हणाली. तेव्हापासून बर्फात नीट ठेवलेल्या माशाची घासाघीस मी सोडून दिली आहे. वाचवलेले दहा-वीस रुपये शेवटी आपल्याच ताटात उतरतात, नाही का?

आता आमची कोळीण मला लांबून बघूनच म्हणते, "या ताई, पेटीतला काढून देते." ह्यांनीही परवा पुन्हा कुप्याचं कालवण मागून घेतलं, आणि सासूबाई माझ्या तिखटाला काही बोलल्या नाहीत!