प्रत एक, विद्यार्थी साठ

प्राध्यापकांनी वर्गात संदर्भग्रंथांची यादी दिली, की ताण पडतो तो ग्रंथालयावर. प्रत एक आणि विद्यार्थी साठ. पहिल्यानेच ती घरी नेली, तर इतरांनी वाचायचे काय? म्हणून अनेक विद्यापीठांत अशी पुस्तके राखीव कपाटात ठेवतात. काही तास तेथेच बसून वाचायची आणि परत करायची. अर्थात, सत्र सुरू होण्यापूर्वी यादी ग्रंथपालाकडे पोहोचली पाहिजे. नेमके तेच पुष्कळदा राहून जाते.

दुसरा मार्ग निवडक प्रकरणांच्या छायाप्रतींचा. ग्रंथालयातील पुस्तकांवरून असे संच तयार करणाऱ्या, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. महागडी पुस्तके विकत घेणे न परवडणाऱ्यांचा अभ्यासच त्यामुळे टांगणीला लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते, हा त्याचा आधार. डिसेंबरमध्ये खंडपीठाने हे तत्त्व उचलून धरले. मात्र तो मजकूर अध्यापनासाठी आवश्यक होता का, हे तपासण्यास सांगितले. २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली.

ई-नियतकालिकांचे गणित निराळे. तेथे मुख्यतः परवान्याचा करार पाहावा लागतो. लेख विद्यार्थ्यांना परस्पर पाठविण्याआधी ग्रंथपालाला विचारणे म्हणूनच श्रेयस्कर. करार वाचलेला असतो तो बहुधा त्यांनीच.