टेंभरं पिकतात, तशी कॅबर्नेटही पिकते

कच्चं टेंभर एकदा तरी चावून पाहिलं असेल, तर रेड वाईनमधली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्हांला आधीच ठाऊक आहे. उन्हाळ्यात मेळघाटातून ही पिवळी फळं परतवाड्याकडे टोपल्यांतून उतरतात. ज्या तेंदूची पानं विडीला जातात, त्याच झाडाचं हे फळ. लहानपणी मला धीर नसायचा. आजी ओरडायची, “कच्चं खाशीन तं जीभ धरून बसशीन!” आणि व्हायचंही तसंच. जीभ टाळूला चिकटायची, गालांना आतून कुणी गोणपाट घासल्यासारखं वाटायचं. तेच फळ चांगलं पिकू दिलं की मऊ, गोड. मग तो तुरटपणा जातो कुठे? उत्तर मला फार उशिरा मिळालं, नाशिकच्या एका कॅबर्नेटच्या पेल्यात.

आपण तुरटाला सहा रसांत बसवतो, पण गोड-खारटासारखी ती निव्वळ चव नाही. तो बराचसा स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन नावाची द्रव्यं या प्रथिनांना मिठी मारतात, त्यांचे गोळे होतात, वंगण निघून जातं आणि जीभ टाळूवर कोरडी घासते. जांभूळ, सुपारी, हिरडा, कडक काळा चहा, सगळीकडे हाच खेळ.

टेंभराचा एक जपानी भाऊबंद आहे, काकी. आपल्याकडे तो पर्सिमॉन म्हणून विकला जातो. कच्ची तुरट काकी गोड करायला जपानी लोक ती साके या दारूच्या रिकाम्या पिंपांत ठेवत. दारूच्या वाफेनं फळाच्या आत अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ते टॅनिनचे रेणू एकमेकांना असे जखडतं, की ते पाण्यात विरघळूच शकत नाहीत. म्हणजे तुरटपणा फळातच असतो, फक्त लाळेपर्यंत पोचत नाही! हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

आता कॅबर्नेट सोव्हिन्यों, रेड वाईनच्या द्राक्षाची एक जात. द्राक्ष बारीक, साल जाड, बिया भरपूर. म्हणजे टॅनिनची खाणच. काळं द्राक्ष पिळलं तर रस जवळजवळ बिनरंगाचा निघतो. जांभळा रंग सालीत, तुरटपणा साल आणि बियांत, म्हणून रस साल-बियांसकट आंबवतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९७ साली डीएनए तपासून दाखवलं, की ही जात काळ्या कॅबर्नेट फ्रांक आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लांक यांच्या संकरातून आली. तिघांच्याही वासात ढोबळी मिरची डोकावते. ती ज्या द्रव्यामुळे, त्याचे लिटरभर वाईनमध्ये १०-१५ अब्जांश ग्रॅम असले तरी नाकाला कळतं. घडांवर ऊन पडलं की ते घटतं. वेलीची पानं किती विरळ केली, याची साक्ष अशी पेल्यात उतरते.

एकाच मळ्याच्या वाईनचं मोल मला इथेच वाटतं. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यातल्या हाइट्झ या वाईन करणाऱ्यांनी १९६६ च्या हंगामाच्या कॅबर्नेटवर मळ्याचं नाव छापलं, ‘मार्थाज व्हिनयार्ड’. तिच्यात निलगिरीचा वास येतो आणि मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं आहेत. हा योगायोग नसावा. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं, की झाडांच्या जवळच्या ओळींतल्या द्राक्षांत निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य जास्त असतं. वाऱ्यानं येऊन ते सालीवर बसतं, गळलेली पानं घडांत अडकतात. शेजारच्या धुऱ्यावरचं झाड बाटलीत! शिवाराचा गुण पिकात उतरतो, हे वऱ्हाडात कुणाला पटवावं लागत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि वरूड-मोर्शीचं पाणी एक नाही, हे शेतकऱ्याला पिकावरूनच कळतं.

नाशिककडे वेलीला युरोपासारखी हिवाळी झोप मिळत नाही. म्हणून ती वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्ष तोडतात. इथे ते थंड रात्रींत पिकून जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. निफाडजवळ रेवेलो वायनरीवाले स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची कॅबर्नेट करतात. अकलूजला फ्रातेल्ली वायनरीची ‘सेत्ते’ वाईन आहे, तिच्यात कॅबर्नेटला सांजोवेझे या इटालियन जातीची जोड असते.

ताजी वाईन ओकच्या पिंपात जाते. बोर्दोच्या पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं. लाकूड व्हॅनिलाचा वास देतं, अमेरिकन ओक असेल तर खोबऱ्याचाही, आणि फटींतून कणाकणानं प्राणवायू आत सोडतं. त्या प्राणवायूमुळे मद्यार्काचं थोडंसं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. तेच, काकीतलं! इथे ते टॅनिन आणि रंगद्रव्य यांच्यात पूल बांधतं. पूर्वी समजूत होती, की टॅनिनच्या साखळ्या फक्त लांबत जातात आणि जड होऊन तळाशी बसतात. आता माहीत आहे, की वाईनच्या आंबटपणात त्या तुटतातही, पुन्हा वेगळ्या जुळतात. जांभळा रंग हळूहळू विटेकडे झुकतो. ताज्या फळाचा वास मावळतो. चामडं, तंबाखू, सुकं पान असे वास वर येतात.

बाटलीतही चालू राहणाऱ्या या कामाला १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो. माझ्या हातून इथेच चूक झाली. एक चांगली बाटली मी अमरावतीच्या घरात कपाटात ठेवली आणि मे महिना गेला. बाहेर ४५ अंश, कपाटात काही फार कमी नाही. दिवाळीत उघडली तर बूच वर सरकलेलं आणि चव उकळलेल्या मुरंब्याची. उष्णतेनं वाईन लवकर पिकते असं मला वाटे. पण प्रत्येक रासायनिक क्रिया उष्णतेनं सारख्याच वेगानं धावत नाही. भलत्याच पुढे जातात. आढीतला आंबा आणि कार्बाइडचा आंबा यांत जे अंतर, तेच इथे. आपल्या गावात उन्हाळ्यापूर्वी बाटली पिऊन टाकावी, नाहीतर फ्रिजमध्ये आडवी ठेवावी.

पुढे नाशिकला एका स्नेह्यांनी दोन पेले समोर ठेवले. एकाच मळ्याची वाईन, एक दोन वर्षांची, एक अकरा वर्षांची. पांढऱ्या कागदावर पेले तिरके धरले. नव्याची कड जांभळी, जुन्याची विटकरी. नव्याचा घोट हिरड्यांना धरून बसला. जुन्यात तुरटपणा होता, पण मखमलीसारखा, आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळत राहिला.

जुनी बाटली त्यांनी आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती. दिव्यापुढे धरून हळू ओतली आणि बाटलीच्या खांद्याशी गाळाची काळी रेघ आली तसे थांबले. तळाचा चमचाभर गाळ मी मागून घेतला आणि बोटानं जिभेवर ठेवला. बारीक रेतीसारखा लागला, त्यानं जिभेला जरासं धरलंही. आजी आठवली.