सभासद आणि शेजारी

डोंबिवलीला ‘झोपायचे गाव’ म्हणून हिणवण्याची मुंबईकरांची जुनी खोड आहे. सुमारे ४८ किलोमीटरवरच्या बोरीबंदरास सकाळी धावत जायचे आणि रात्री पेंगत परतायचे, अशा माणसाचा गावाशी संबंध उशीपुरताच राहणार, हे काही अगदीच खोटे नाही. पण झोपाळू म्हणावे तर या गावाने उद्योग थोडे का केले आहेत? गणेश मंदिर १९२४ सालचे. त्या मंदिराच्या पुढाकाराने १९९९ च्या पाडव्याला नववर्षाची स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता गावोगावी तिचे अनुकरण झाले. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे साहित्य संमेलन आमच्याकडे भरले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुण मंडळी नटूनथटून लोटतात, त्यांना तर कोणी अक्षतही देत नाही!

हे झाले गावाचे. यात्रेत हजारोंबरोबर चालणे त्या मानाने सोपे. आपल्याच जिन्यावरच्या माणसाला ओळखणे हे अवघड काम.

मी लग्न होऊन डोंबिवलीस आले त्याला आता वीस वर्षे झाली. पहिली काही वर्षे ‘तुमचा शेजार कोणता?’ असे कोणी विचारले असते, तर मी लोकलच्या महिला डब्याकडे बोट दाखवले असते. हसू नका. संक्रांतीचे हळदीकुंकू त्या डब्यात, दसऱ्याचे तोरण त्या डब्याला. कोणाच्या सासूचा मोतीबिंदू, कोणाच्या मुलाची बारावी, सगळे मांडीवरच्या मेथीबरोबर ठाणे येईपर्यंत निवडून व्हायचे. माझ्या समोरच्या दारामागे काय चालले आहे, हे मात्र त्या दाराच्या कुलपालाच ठाऊक.

या शेजारात मला ओढले ते माझ्या एम. ए. च्या पदवीने. एका रविवारी सोसायटीचे चिटणीस दारात उभे. “बाई, तुम्ही मराठीच्या ना? मग एवढी नोटीस लिहून द्या. मागच्या खेपेला मी ‘पाणी साठवून ठेवावे’ ऐवजी ‘टाकी साठवून ठेवावी’ असे लिहिले, आणि लोक अजून विचारतात, कुठे ठेवू म्हणून!”

मी चार ओळी लिहून दिल्या. झाले! तेव्हापासून जिन्याखालचा सूचनाफलक माझ्याकडे आला तो आजतागायत. पाणी येणार नाही, गच्चीची दुरुस्ती आहे, अमक्यांच्या मातोश्री वारल्या. फलकाजवळ खडू घेऊन उभे राहिले की जाणारे-येणारे थांबतात. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चष्मा कपाळावर सरकवून माझे ऱ्हस्वदीर्घ तपासतात, आणि तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याची हकीकत कळते. आता सोसायटीचा व्हॉट्सअॅपवर समूहही आहे. पण फोनपुढे प्रत्येक जण एकटा असतो, फलकापुढे दोघे तरी जमतात. नव्या वस्तीत राहायला गेलेल्या माझ्या विद्यार्थिनी विचारतात, ओळखी कशा करू? मी सांगते, एखादे कंटाळवाणे, कोणालाच नको असलेले काम मागून घ्या. नाही म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.

फलकामागून सभा आल्या. वार्षिक सर्वसाधारण सभेची मजा ज्याने पाहिली नाही, त्याने गृहनिर्माण संस्थेचा संसार पाहिला नाही. उपविधी सांगतात की गणपूर्तीला एकूण सभासदांपैकी दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके हवेत. आमची बिऱ्हाडे चोवीस. म्हणजे सोळा माणसे हवीत. येतात नऊ. मग सभा तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा आणि पुन्हा बसायचे. कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. चोवीस घरांचे निर्णय असे नऊ कपांत होतात.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी अशाच एका बैठकीत ठिणगी पडली. चोविसांपैकी सात घरांत भाडेकरू आहेत. मुलांच्या कवितापाठाची स्पर्धा ठरली, आणि नोटिशीच्या मसुद्यात एक ओळ आली : ‘फक्त सभासदांच्या मुलांसाठी’. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी आठवडाभर माझ्याकडे येऊन कविता घोटत होती. मी म्हटले, ही ओळ मी लिहिणार नाही.

“बाई, कायद्याने भाडेकरू सभासद होत नाही,” चिटणीस म्हणाले. खरेच होते ते. भाडेकरूला मत नाही.

“ती मत द्यायला येत नाही हो, कविता म्हणायला येते. घर भाड्याने दिले म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्के जास्त घेता, वर त्यांच्याकडून गणपतीची वर्गणीही घेता. घेताना चालतात ना?”

दुसरी बाजूही नव्हती असे नाही. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस जिन्याची, नळाची पर्वा करीत नाही, गाडी भलत्याच जागी लावतो, ही तक्रार आमच्याकडे रोजची आहे, आणि ती सगळीच काल्पनिक नाही. वाद वाढला. तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, “मी नोकरीभर बदल्यांवर हिंडलो. दर गावी भाडेकरूच. माझी पोरे कोणत्या गणपतीपुढे गायली असतील, सांगा.” पाच विरुद्ध चार मतांनी ती ओळ गेली.

पुढे काही चमत्कार घडला नाही. मुलगी शेवटचे कडवे विसरली आणि तिसरी आली. त्या चारांपैकी एक गृहस्थ आरतीला उतरले नाहीत. माझ्याशी ते आजही मोजकेच बोलतात. मे महिन्यात करार संपला, मालकाने भाडे वाढवले आणि ते कुटुंब पलीकडच्या गल्लीत गेले. जाण्याआधी मुलीची आई माझ्याकडे आली. तिला वर्गणीची पावती नव्याने हवी होती. पैसे तिने दिले होते, पण पावतीवर नाव, आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, घरमालकाचे होते. चिटणिसांनी काही न बोलता पुस्तक काढले आणि तिच्या नावाने पावती फाडली.

यंदा मी परीक्षेच्या कामात अडकले होते, म्हणून स्पर्धेची नोटीस त्यांनी स्वतःच लिहिली : ‘सर्व रहिवाश्यांच्या मुलांसाठी’. संध्याकाळी परतले तेव्हा पोस्टमास्तर फलकापुढे उभे होते. त्यांनी बोटाने ‘श्यां’ पुसून खडूने ‘शां’ केला. बाकीच्या मजकुराला हात लावला नाही.