घरगुती पत्राकाम : आधी अवजार, मग यंत्र

कारागिराला परवडेल, गावात वापरता येईल आणि गावातच दुरुस्त होईल असे अवजार कोणते, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली येथील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले. त्याच मगनवाडीत २००८ पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था कार्यरत आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा राष्ट्रीय कार्यक्रमही २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच पार पडला.

या योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार, कुलूप बनविणारे आणि हातोडा व अवजारे बनविणारे कारागीर यांचा समावेश आहे. त्यांना अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ५ टक्के व्याजाने पहिले १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज १८ महिन्यांत फेडावयाचे असते. पूर्ण १ लाख घेतल्यास दरमहा हप्ता सुमारे ५,८०० रुपये येतो. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडले तरी हप्ता थांबत नाही. म्हणूनच पत्रा कापण्याची व वाकविण्याची साधने निवडताना थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम पत्र्याची जाडी

पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जसा मोठा, तसा पत्रा पातळ. २४ गेजचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असतो, तर १८ गेजचा सुमारे १.२ मिलिमीटर, म्हणजे साधारण दुप्पट. परंतु जाडी दुप्पट झाली म्हणजे श्रमही केवळ दुप्पट होतात, असे नाही. तिरप्या पात्याने कापताना आणि पत्रा वाकविताना लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुप्पट जाडीला चौपट जोर लागतो. जी कात्री २४ गेजवर लोण्यासारखी चालते, तीच १८ गेजवर हात दुखविते, याचे कारण हेच.

आपल्या भागात घरगुती कामाचा पत्रा बहुधा पातळच असतो. धान्याच्या कोठ्या, डबे, नरसाळी, पन्हळी, धुराडी आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात हमखास मागणी असलेल्या कूलरची खोकी ही सारी कामे प्रामुख्याने २२ ते २८ गेजमध्ये होतात. या कामांसाठी हाताची साधने पुरेशी आहेत.

कापण्याची साधने

पहिली खरेदी सरळ पात्याच्या चांगल्या कात्रीची असावी. गोल काम असेल तर जोडीला वाकड्या पात्याची. विकत घेताना कात्रीने साधा कागद टोकापर्यंत कापून पाहावा. कागद टोकाशी दुमडला, तर पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत असे समजावे. अशा कात्रीत पत्राही कापला न जाता दोन पात्यांत अडकतो. पुष्कळदा मधला बोल्ट आवळल्यानेही हा दोष जातो.

जाड पत्रा वरचेवर कापावा लागत असेल, तर बाकावर बसविण्याची लांब दांड्याची लिव्हर कात्री घ्यावी. तिला वीज लागत नाही आणि पात्यांना गावातच धार लावता येते. ग्राइंडरने काम झटपट होते; पण जस्ताचा थर कडेला जळतो, तेथून गंज धरतो, आणि जस्ताचा धूर आरोग्यास अपायकारक असतो. कूलर व पन्हळी पाण्यात असल्याने त्यांना हा दोष विशेष बाधतो.

वाकविण्याची साधने

लोखंडी अँगलचे दोन सरळ तुकडे, दोन सी क्लॅम्प आणि एक लाकडी हातोडा एवढ्या सामग्रीवर सुरुवात करता येते. आखलेली रेघ अँगलच्या कडेशी ठेवून पत्रा दोन्ही अँगलमध्ये आवळावा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत थोडा थोडा वाकवावा. एकाच जागी पूर्ण वाकविल्यास पत्र्याला लाट येते. लोखंडी हातोडीने जस्ताचा थर सोलतो, म्हणून लाकडीच वापरावा. गोल आकारासाठी जाड पाइपाचा तुकडा उपयोगी पडतो. याच अँगलना भक्कम बिजागऱ्या लावून गावचा वेल्डर साधे फोल्डिंग यंत्र करून देऊ शकतो.

तयार फोल्डिंग यंत्र घेताना मात्र लांबीचा मोह टाळावा. सारख्याच जाडीच्या तुळईची लांबी दुप्पट केली आणि तिच्या प्रत्येक फुटावर तेवढाच भार ठेवला, तर ती मध्यभागी सोळापट वाकते. त्यामुळे स्वस्त व लांब यंत्रात पत्रा दोन्ही टोकांना काटकोनात वळतो आणि मध्ये उघडा राहतो. कूलरची बाजू साधारणपणे दोन-तीन फुटांची असते. तेवढ्या कामासाठी चार फुटी लवचीक यंत्रापेक्षा तीन फुटी भक्कम यंत्र चांगले. दुकानातच पूर्ण लांबीचा तुकडा वाकवून, टोकांना व मध्यभागी गुण्या लावून पाहावा.

खरेदीचा क्रम

आधी गुण्या, पोलादी पट्टी, कानस, कात्री, लाकडी हातोडा आणि भक्कम बेंच व्हाइस; नंतर लिव्हर कात्री; काम नियमित मिळू लागल्यावर फोल्डिंग यंत्र, असा क्रम ठेवावा. चामड्याचे हातमोजे व डोळ्यांना चष्मा ही खरेदी मागे ठेवू नये. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते. ती कानशीने मोडल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय वस्तू ग्राहकाच्या हाती देऊ नये.

पंचायत व शाळा

विश्वकर्मा योजनेतील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. त्या वेळी पंचायत सदस्यांनी अर्जदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणती वस्तू करणार, कोणत्या गेजचा पत्रा वापरणार आणि सर्वांत लांब घडी किती फुटांची? शिक्षकांनाही कार्यानुभवाच्या तासाला जाडी आणि जोर यांचे गणित पत्र्याच्या दोन तुकड्यांवर सहज दाखविता येईल. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचे कर्ज कामाला लागेल. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला आधी कात्री घेऊन चार डबे करून पाहण्याचा सल्ला देणे, हेच त्याच्या हिताचे आहे.